गार चॉकलेट

पलूसहून कडेगावकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून, उसाच्या रानात, विजयमालाबाईंचं घर आहे. या घरात दुकानातलं काहीही खायला आलं की पुडा आधी त्यांच्यापुढं जातो, देवापुढं नंतर. हा नियम कुणी घातला ते कुणाला आठवत नाही आणि मोडायची कुणाची छाती नाही. सांगलीचं भडंग असो, साताऱ्याचे कंदी पेढे असोत, नाहीतर पलूसच्या बेकरीतली खारी असो. बाई एक घास तोंडात टाकतात, डोळे मिटून घेतात आणि घरातली झाडून सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहतात.

निकाल एका वाक्यात लागतो. "भडंगाला लसूण हाय, पन त्यो नुसता दावल्याला हाय." "पेढा झ्याक हाय, पन परवाचा हाय." "खारी पोरांस्नी द्या, माझ्या दाताचं काम न्हवं." एकदा निकाल लागला की त्यावर अपील नाही.

यावरून बाईंना चवीतलं फार कळतं असं मात्र समजू नये. मागच्या दिवाळीत सुनेनं, म्हणजे दीपमालानं, घरी वळलेला बेसनाचा लाडू बाईंनी बाजारचा समजून तोंडात टाकला आणि "डालड्याचा वास मारतोय, त्या दुकानातनं परत आनू नगा" असं सांगून मोकळ्या झाल्या. दीपमाला पुढं भाऊबीजेपर्यंत त्यांच्याशी धड बोलली नाही. बाईंची जीभ चुकते हे सगळ्या घराला ठाऊक आहे. तरी पुडा त्यांच्यापुढंच जातो, कारण त्या डोळे मिटून घास घोळवायला लागल्या की बघणाऱ्यांची करमणूक होते.

एका खाण्याच्या वेळी मात्र करमणूक नसते. ते खाणं म्हणजे पुदिन्याच्या चवीचं चॉकलेट. ते आलं की बाई हात धुऊन, पदर सावरून बसतात. तुकडा जिभेवर ठेवतात. तो पूर्ण विरघळेपर्यंत त्यांचे मिटलेले डोळे उघडत नाहीत, आणि उघडले की त्यात जे दिसतं ते बघून कुणाला हसू येत नाही. गेली कित्येक वर्षं निकाल तोच आहे. "ह्ये न्हवं."

सत्तरीला टेकलेल्या, उसाच्या पट्ट्यात जन्म काढलेल्या बाईला हे असलं शहरी खूळ कुठून लागलं, असं कुणालाही वाटेल. त्याचं मूळ फार जुनं आहे.

विजयमालाबाई या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्यांचे मालक जोतीराम पलटणीत होते, पार हिमालयाकडं. लग्नासाठी मिळालेली रजा मांडव उतरायच्या आत संपली. अंगाची हळद जायच्या आधीच जोतीराम गेले, ते वर्ष उलटल्यावर परत आले. त्या वर्षात नवऱ्याचा चेहरा आठवायचा म्हटलं तर बाईंना आधी मिशा आठवायच्या आणि मग बाकीचं जुळवावं लागायचं.

फौजी माणूस रजेवर आला की त्या काळी घरोघरी एक सोहळा व्हायचा. किर्लोस्करवाडी स्टेशनवरून बैलगाडीतून लोखंडी ट्रंक यायची. ती सोप्यात मधोमध ठेवायची. भोवती घर, भावकी, शेजारपाजारची पोरं. आई ट्रंकेशेजारी बसायची, मुलगा एकेक वस्तू काढून तिच्या हातात द्यायचा आणि वाटणी आई करायची. कुणासाठी काय आणलं हे मुलानं सांगायचं नसे, आणि नव्या सुनेनं तर तिथं फिरकायचंच नसे. तिनं आत चुलीपुढं बसून ऐकायचं.

विजयमालाबाई कान देऊन ऐकत होत्या. आईला शाल निघाली. मामंजींना बॅटरी निघाली. धाकट्या नणंदेला, भामाला, रिबिनी निघाल्या. कुठल्याशा चुलत सासऱ्याला विड्यांचं बंडलसुद्धा निघालं. मग ट्रंकेचं झाकण वाजलं आणि माणसं उठायला लागली. बाईंचं नाव निघालं नाही. ते निघणार नव्हतंच, आईच्या देखत बायकोसाठी काही काढायला त्या काळचे पुरुष एवढे धीट नव्हते. हे बाईंना समजत होतं, पण वय एकोणीस होतं. त्यांनी हातातली भाकरी परातीत अशी थापली की बाहेरून मामंजींनी विचारलं, "कोन आपटतंय गं आत?"

दिवस कलताना जोतीराम स्वयंपाकघरात आले. अचानक. बाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तो सावरायलाही हात मोकळा नव्हता. जोतीरामांनी एकदा मागं वळून बघितलं, खिशातून चांदीच्या कागदातलं काहीतरी काढलं, कागद सोलला, एक तुकडा मोडला आणि म्हणाले, "आ कर."

बाईंनी आ केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आधी गोड लागलं. मग तोंडात गारवा उतरायला लागला. जिभेवर, टाळूला, वर नाकात. चुलीची धग तोंडावर येत होती, कपाळाला घाम होता आणि आतून हिवाळ्यातल्या पहाटेसारखं गार वाटत होतं. असलं काही बाईंनी जन्मात खाल्लं नव्हतं. जोतीरामांनी विचारलं, "कसं लागतंय?" बाई कशाबशा म्हणाल्या, "गार." ते हसले. "गार कसं आसंल? खिशातलं वितळायला लागलंय." आणि दुसरा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. तेवढ्यात सोप्यातून आईनं हाक मारली, आणि उरलेलं चॉकलेट खिशात टाकून जोतीराम मागच्या दारानं गेले.

एवढंच. त्यानंतर जोतीरामांनी बायकोला कधी काही भरवलं नाही. माणूस वाईट नव्हता. दारूला शिवला नाही, हात उचलला नाही, पेन्शन आली की घरात द्यायचा. पण बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. संसारभर बायकोला हाक मारायची ती "ऐकलंस का" अशीच. साड्या यायच्या त्या आईच्या पसंतीनं, आणि आई गेल्यावर बहिणीच्या पसंतीनं. अशा माणसानं आपल्यासाठी, फक्त आपल्यासाठी, त्या कुठल्या हिमालयातून काहीतरी वेगळं शोधून आणलं होतं, चोरून आणलं होतं, स्वतःच्या हातानं तोंडात घातलं होतं. त्या एका गारव्यावर बाईंनी सगळा संसार रेटला म्हटलं तरी चालेल. रागानं जीव नकोसा झाला की त्या मनात म्हणायच्या, माझ्यासाठी येगळं आनलं हुतं.

म्हातारपणी एकदा धीर करून त्यांनी विचारलंही. दोघं परड्यात शेंगा फोडत बसले होते. "आवं, त्ये पैल्या रजेला गार चॉकलेट आनल्यालं, त्ये कुठनं हो मिळालं?"

जोतीरामांनी बराच वेळ आठवलं. "गार? गार कसलं? कँटीनचं साधं चॉकलेट हुतं ते."

बाईंच्या मनाला ते लागलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पुरुषांना असलं काही ध्यानात राहत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि पुन्हा विषय काढला नाही. पुढं थोड्याच वर्षांत जोतीराम गेले. विचारायची वाट तिथंच बंद झाली.

खूळ वाढीला लावलं ते नातीनं, समीक्षानं. ती सांगलीत चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. सुट्टीला घरी आली की आजीच्या अंथरुणात शिरून जुन्या गोष्टी काढून घेते. गार चॉकलेटची गोष्ट ऐकून ती ताडकन उठून बसली. "आज्जे, त्ये मिंट चॉकलेट असनार! पुदिन्याचं. सांगलीत ढिगानं मिळतंय."

झालं. पुढच्या सुट्टीपासून चॉकलेटं यायला लागली. पहिली आली ती हिरव्या कागदातली गोळी. बाईंनी चघळली आणि म्हणाल्या, "खोकल्याची हाय." मग दोन काळ्या बिस्किटांच्या मधे हिरवं क्रीम असलेला पुडा आला. "क्रीम खरवडून टाक, बिस्कीट चांगलं हाय." एकदा सांगलीच्या विश्रामबागेतून चॉकलेट-पुदिन्याचं आइस्क्रीम घेऊन समीक्षा गाडी पळवत आली. घरी पोचेपर्यंत त्याचं हिरवट पाणी झालं होतं. बाई तेही चमच्यानं प्यायल्या. "गार हाय, पन हे बर्फाचं गार. त्ये तसलं नव्हतं." "मग कसलं हुतं, आज्जे?" यावर त्यांना काही सांगता येईना. जिभेवर आहे ते तोंडानं कसं सांगणार?

साताऱ्याला मिलिटरी कँटीनमध्ये साबण-चहा आणायला गेल्यावर बाईंनी तिथंही विचारलं. काउंटरवरच्या जवानाला म्हणाल्या, "बाळा, तुमच्याकडं गार चॉकलेट यायचं, आमच्या मालकांच्या टायमाला. आता येत न्हाई व्हय?" तो बिचारा पंचविशीतला. म्हणाला, "आजी, बघून सांगतो," आणि खरंच आत जाऊन, सगळे खोके उचकून, हात हलवत परत आला. मागच्या रांगेतली माणसं हसली. बाईंनी मात्र त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढ्या मनानं ते चॉकलेट आजवर कुणी शोधलं नव्हतं.

या सगळ्या खटाटोपाला एका माणसाचा पक्का विरोध होता. ती म्हणजे भामाबाई, जोतीरामांची तीच रिबिनीवाली बहीण. आता तीही पासष्टीची, तोंडानं फटकळ, पलूसलाच दिलेली आणि महिन्यातून चार वेळा माहेरी येणारी. नणंद-भावजयीचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि एकमेकींचं पटत तर कधीच नाही. भामाबाईंचं म्हणणं सरळ होतं. "दादा आनि शोधून काय आनंल? त्याला सोताच्या बनियनचा नंबर ठावं नव्हता."

यंदा चैत्रात चिंचा फोडायला म्हणून भामाबाई आल्या होत्या. त्याच दिवशी समीक्षाही आली, ती भलतीच खुशीत. सांगलीत नव्या उघडलेल्या मोठ्या दुकानातून तिनं परदेशी डबा आणला होता. गर्द हिरवा डबा, वर सोनेरी अक्षरं. आत कागदाच्या एकेका पाकिटात एकेक पातळ चौकोनी वडी, उभ्या लावून ठेवलेल्या. दीपमालानं किंमत विचारली. समीक्षानं ऐकू न आल्यासारखं केलं.

बाई हात धुऊन सोप्यात बसल्या. वडी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. भामाबाईसुद्धा चिंच फोडायच्या थांबल्या.

खूप वेळानं बाईंनी डोळे उघडले. "जवळ हाय," त्या हळूच म्हणाल्या. "लय जवळ हाय. पन ह्ये आतनं गार हाय. त्ये..." त्यांनी ओठाला बोट लावलं. "त्ये हितनंच गार लागायचं. वरनं."

समीक्षाचा चेहरा उतरला. भामाबाईंनी एक वडी उचलून तोंडात टाकली, चावली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "दात घासून च्या पिल्यावानी लागतंय. ह्येला एवढं पैसं?"

"वन्सं, तुमाला न्हाई कळायचं," बाई म्हणाल्या.

आता हे वाक्य भामाबाईंना कुणी म्हणू नये. त्यांनी चिंचेचा हातोडा बाजूला ठेवला. "मला न्हाई कळायचं? वैनी, त्या दिवशी त्येच चॉकलेट आमी पोरांनी खाल्लंय. मागच्या अंगनात. दादानं खिशातनं काढून माझ्या हातात दिलं, आमी मोडून वाटून घेतलं. चांदीचा कागद मी वर्सभर पुस्तकात जपून ठेवल्याला. गारबीर काय नव्हतं त्यात."

"तुमचं निराळं आसंल. माझं येगळं हुतं."

"येगळं बिगळं काय न्हाई. एकच वडी हुती, वरचं दोन तुकडं मोडल्याली. आमी म्हनलं उंदरानं खाल्ली का काय! आज कळतंय कुनी खाल्ली ती. दादानं आमास्नी आनल्यालं, त्यातलंच तुला दिलं. तुझ्यासाठी म्हनून त्यानं काय बी आनलं नव्हतं, वैनी."

भामाबाईंना आपण फार बोललो हे बोलून झाल्यावर कळलं, नेहमीप्रमाणंच. बाईंनी डब्याचं झाकण लावलं, डबा समीक्षाच्या हातात दिला आणि चिंचांचं सूप पुढं ओढलं.

दुपारभर त्या चिंचा सोलत राहिल्या. शिरा काढायच्या, चिंचोके बाजूला टाकायचे, गर पाटीत टाकायचा. दोन्ही हात चिकट झाले होते. एकच वडी होती. दोन तुकडे मोडलेली. म्हणजे मालकांनी सांगितलं ते खरं होतं, कँटीनचं साधं चॉकलेट, पोरांसाठी आणलेलं. जाता जाता दोन तुकडे आपल्या तोंडात पडले, आणि एवढ्या भांडवलावर आपण आयुष्य काढलं. त्यांना रडू येत होतं, आणि या वयात चॉकलेटवरून रडायची लाजही वाटत होती. जोतीराम समोर असते तर त्यांनी चार शब्द सुनावले असते. तेही नव्हते.

समीक्षाला आजीकडं बघवेना. हे सगळं आपल्या डब्यामुळं झालं असं तिला वाटत होतं. ती आजीच्या पायाशी येऊन बसली. "आज्जे, गुडघं दुखत्यात न्हवं? सकाळधरनं मांडी घालून बसलीयास." आणि उत्तराची वाट न बघता खुंटीवरच्या पिशवीतली बामची बाटली काढून गुडघे चोळायला लागली. चांगले रगडून चोळले. बाईंना बरं वाटलं, पण त्या चिंचा सोलतच राहिल्या.

समीक्षानं मग पर्समधून एक चॉकलेट काढलं. साधंच, गावात तानुबाईच्या टपरीवर मिळतं तसलं. येताना स्वतःसाठी घेतलेलं. "बास झालं पुदिन्याचं. ह्ये खा बगू गोड." बाईंनी चिंचेचे हात वर करून दाखवले. समीक्षानं कागद सोलला, तुकडा मोडला आणि म्हणाली, "आ कर."

बाईंनी आ केला.

घास घोळवता घोळवता त्या थांबल्या. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"आज्जे? काय झालं? तिखट लागलं का काय?"

"ह्येच," बाई म्हणाल्या. "समे, ह्येच त्ये. कुठनं आनलंस?"

"आगं, तानुबाईच्या टपरीवरनं. साधं हाय ह्ये. ह्यात पुदिना न्हाई."

"ह्येच हाय. गार हाय."

समीक्षानं स्वतः एक तुकडा कागदातूनच दातांनी तोडून खाल्ला. साधं गोड चॉकलेट. तिला वाटलं आजीच्या डोक्यावर परिणाम झाला. बाईंनी घाईघाईनं हात पदराला पुसले, वडी स्वतःच्या हातात घेतली, दुसऱ्या टोकाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. त्यांचा चेहरा पडला. "न्हाई. ह्यो न्हवं. मगाचाच हुता."

मग समीक्षानं आपली बोटं नाकाशी नेली, आणि तिचे डोळे मोठे झाले. "आज्जे, बाम! हात धुवायचं राहिलं माझं. बाम लागलाय तुझ्या तोंडाला!" ती घाबरून पाणी आणायला उठली.

"बस खाली," बाई म्हणाल्या. त्यांनी नातीचं मनगट धरलं आणि तिची बोटं स्वतःच्या नाकाशी नेली. हा वास त्यांनी हजारदा घेतला होता. घरातल्या प्रत्येक दुखण्याला हा वास होता. पण बाम कुणी खातं का? आणि त्या दिवशी चुलीचा धूर नाकात असा भरला होता की वासाचं काही कळायची सोय नव्हती, कळलं ते फक्त जिभेला. त्यांनी मान वळवली. भामाबाई तोंड उघडं टाकून बघत होत्या.

"वन्सं," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी घरात बाम हुता?"

भामाबाईंच्या हातातली चिंच खाली पडली. "हुता की," त्या म्हणाल्या. नेहमीचा फटकळपणा आवाजातून गेला होता. "दादानं आईला आनल्याला. मिलिटरीचा, पत्र्याच्या डबीतला. आईचं गुडघं धरल्यालं न्हवं का! ट्रंक मिटली, मान्सं गेली, आनि दादा तितंच सोप्यात बसून आईचं पाय चोळाय लागला. मी शेजारी बसून बगत हुते, वास किती झोंबतोय म्हनून नाक दाबून."

"मग?"

"मग आई म्हनली, बास कर आता, हात धू जा, डोळ्यात जाईल. तवा दादा उठला आनि..." भामाबाई थांबल्या. डोळ्यापुढं जुनं घर आणून त्या बोलत होत्या. "न्हाणी मागं हुती, वैनी. जायची वाट सैपाकघरातनंच हुती."

बाई पुढं सरकून बसल्या.

"एरवी त्याला आत याला काय तोंड हुतं का? आई-आबा सोप्यात, बायको चुलीफुडं. लोकांनी दात काढलं असतं. बायकूच्या मागं लागलाय म्हनून गावभर झालं असतं," भामाबाई म्हणाल्या. "हात धुवायचं निमित्त करून आत आला त्यो. मी लगेच मागनं हाक मारत ग्येले तर दादा न्हाणीत उभा. हात धूत हुता. तसाच वल्या हातानं चॉकलेट काढून मला दिलं. म्हनून आमचं गार लागलं न्हाई."

बोलता बोलता भामाबाई उठल्या आणि भावजयीच्या शेजारी येऊन बसल्या. दोघींच्या मधे चिंचोक्यांचा ढीग होता, तो त्यांनी पायानं बाजूला केला. "मी सकाळी बोलले ते खरंच हुतं, वैनी," त्या म्हणाल्या. "चॉकलेट आमचंच हुतं."

"व्हय," बाई म्हणाल्या. "तुमचंच हुतं."

एवढ्या वर्षांचं भांडण त्यांनी एका शब्दात सोडून दिलं. चॉकलेट पोरांचं होतं, कँटीनचं होतं, साधं होतं. हिमालयातून कुणी काही शोधून आणलेलं नव्हतं. पण न्हाणी चार पावलांवर होती, रांजणात पाणी होतं, आणि तरी तो माणूस आधी आपल्याकडं आला होता. बामानं भरलेल्या बोटांनी. हात धुवायला सुद्धा थांबला नव्हता.

विजयमालाबाईंना हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदमच यायला लागलं, तेव्हा दीपमाला आतून धावत आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. समीक्षा तेवढी उभी होती, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात उरलेलं चॉकलेट.

"आज्जे, चूळ भर बगू आदी. आनि थांब, मी हात धुऊन आले."

"न्हाई," विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी तोंड पुढं केलं. "तशीच ये. अजून एक तुकडा दे मला."